चढाला स्वार, उताराला पायी

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, त्यांची सायकल पंक्चर झालीय. कर्जतहून कडावकडे येताना एक लांबलचक, सोपा उतार लागतो. त्या उतारावरून एक उंच म्हातारा माणूस काळी, जुन्या धाटणीची सायकल हाताने धरून आरामात चालला होता. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल. मी माझ्या नव्याकोऱ्या गिअरच्या सायकलवर होते. थांबले आणि म्हणाले, “काका, पंप आहे माझ्याकडे. देऊ का?”

“हवा हाय की.”

“मग चेन तुटली का?”

“चेन बी हाय.”

“मग चालत का निघालात?”

त्यांनी हाताने समोर दाखवलं. “उतार हाय ना गं.”

मला काहीच कळलं नाही. उतार संपला तसे ते टांग टाकून सायकलवर बसले. पुढे चढ आला, तिथे माझे गिअर बदलून होईपर्यंत ते दिसेनासे झाले.

मी सोलापूरकडची. नोकरी खोपोलीजवळच्या कुंभिवलीच्या एका कारखान्यात लागली होती आणि मी कर्जत भागात खोली शोधत होते. कंपनीतल्या कुणीतरी कडावमधलं एक घर सुचवलं. मी पत्ता विचारत गेले, तर ओट्यावर तीच काळी सायकल उभी होती, आणि तेच काका तिच्या चेनीला खोबरेल तेल लावत बसले होते. आतून काकू बाहेर आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांत सदा थोडा राग. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू बी सायकलवाली?”

मी हो म्हटलं.

“मंजे घरात दोन झाली,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. ती खोली मला मिळाली.

काका भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झाले होते. तिथे घाटमाथ्यावरचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली येतं आणि त्यावर वीज होते. नोकरीतही ते रोज सायकलनेच जायचे, आणि तेव्हाही उताराला खाली उतरायचे, असं गावात सगळेच सांगत. का, हे मात्र प्रत्येक जण वेगळं सांगे. याचं कारण काका स्वतःच होते. शाळेच्या पोरांनी विचारलं की ते सांगत, उताराला चाकं तापतात आणि मग लोखंडाला ताप चढतो. देवळातल्या म्हाताऱ्यांना सांगत, मी वर जाताना देवाचं नाव घेतो, खाली येताना घ्यायचं राहून जातं, म्हणून पायी येतो. एकदा वाण्याच्या दुकानात कुणीतरी छेडलं, तेव्हा म्हणाले, “जल्मभर उताराच्या पान्यावर पोट भरलं. पान्याला उतरू द्या. मानसानं चढावं.” दुकानातले सगळे हसले. काका हसले नाहीत. पाव किलो साखर घेऊन निघून गेले.

मला त्यांनी जे कारण सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. “उताराला बसलं की रस्ताच बगावा लागतो. डोंगर दिसत नाय.”

डोंगर दिसणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडे सोलापूरला जमीन सरळ जाते आणि आभाळाला टेकते. इथे सकाळी दार उघडलं की पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असे. मी पहिले काही दिवस दात घासायचं विसरून ओट्यावर उभी राहायचे. काका जन्मापासून ती भिंत बघत होते, तरी रोज सकाळी अंगणात येऊन पाहुणा आल्यासारखे तिच्याकडे बघायचे. कधी धुक्यात ती दिसायची नाही. मग ते वाट बघत बसायचे. काकू आतून ओरडायच्या, “पळून नाय जायची ती! चा थंड होतोय!” काका बसल्या जागेवरून म्हणायचे, “जाईल कुटं? पन आली का, ते बगाय नको?”

त्यांच्या सवयी अशाच. चहाच्या टपरीवर थांबले की आधी सायकलला सावलीत लावणार, मग स्वतः उन्हात बसणार. चढावर एक शब्द बोलणार नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू देणार नाहीत. “चढाला बोलू नये. चढाला मानूस फुशारकी मारतो, नायतर रडतो. दोनी खोटं.” सायकलला कुलूप नाही. “चोरानं न्हेली तर न्हेली. पयल्या चढाला आनून देईल.” आणि खरोखर, ती काळी सायकल इतकी जड होती की मी एकदा चालवून बघितली आणि वेशीपर्यंतही गेले नाही.

एकदा मी माझा चष्मा मोरीपाशी विसरले आणि तशीच कंपनीच्या बसने कुंभिवलीला गेले. कडावहून रिक्षाने कर्जत, तिथून बस, असा माझा रोजचा प्रवास. चष्म्याशिवाय मला स्क्रीनवरचं काही दिसत नाही. घरी फोन करून काकूंना म्हटलं, राहू द्या, काढते कसाबसा दिवस. जेवणाची सुट्टी होऊन गेली आणि गेटवरून वॉचमनचा फोन आला, “मॅडम, तुमचे वडील आलेत.”

माझे वडील सोलापूरला. मी धावत गेले. गेटबाहेर हायवेवरून ट्रेलर जात होते, आणि त्यांच्या धुळीत काका सायकल धरून उभे होते. टॉवेलात गुंडाळलेला चष्मा त्यांनी माझ्या हातात दिला. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

“कशाला आलात एवढ्या लांब?” मी म्हटलं. मला रडायला येत होतं.

“लांब नाय गं. खोपोलीपतूर उतार जास्त हायेत, म्हनून येळ लागला.”

कुंभिवलीच्या हायवेवर चाळिशीतली धडधाकट माणसंसुद्धा सायकल काढायला घाबरतात. पासष्टी उलटलेला माणूस इतकं अंतर येतो, आणि उशीर झाला म्हणून उतारांना दोष देतो. आमच्या वॉचमनने नंतर कितीतरी दिवस मला विचारलं, “मॅडम, वडील काय करतात हो तुमचे?”

आता त्या दिवसाबद्दल सांगते.

थंडीचे दिवस होते. भात कापून झालं होतं आणि खाचरांत वाल वीतभर उभे होते. कोथळीगडाला सायकलने जायचं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. इकडे त्याला पेठचा किल्ला म्हणतात, कारण त्याच्या कमरेवरच्या सपाटीवर पेठ नावाचं छोटं गाव आहे. काका दर हिवाळ्यात एकदा तिथे जात. एकटेच. मी बरोबर येऊ का विचारलं, तर त्यांनी माझ्या सायकलच्या टायरला अंगठा लावून बघितला आणि म्हणाले, “येईल.” मला म्हणाले की सायकलला, ते कळलं नाही.

काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं बांधून दिलं. काकांकडे न बघता मला म्हणाल्या, “ह्यांच्या मागं मागं नको राहू. मागं कोन हाय ते ह्यांना कदी ठावं नसतं.” काका ऐकून न ऐकल्यासारखं करत हवा तपासत राहिले.

उजाडता उजाडता निघालो. कशेळ्यापर्यंत रस्ता सोपा. दवाने वालाची पानं चमकत होती, खळ्यांवरून धूर निघत होता, आणि समोर डोंगर अजून सगळे एकाच रंगाचे होते, निळसर काळे. मग सूर्य त्यांच्या मागून वर आला आणि एकेक कडा सुटा दिसू लागला. इतका वेळ जी एक भिंत वाटत होती तिच्यात दऱ्या होत्या, सोंडा होत्या, एकामागे एक रांगा होत्या. त्या रांगांच्या पुढे एक सुळका अंगठ्यासारखा उभा होता. काका सायकलवरून उतरले. तिथे उतार नव्हता.

“त्यो,” ते म्हणाले.

आंबिवलीपर्यंत डांबरी रस्ता. तिथून पेठेपर्यंत कच्चा, दगडगोट्यांचा, वळणावळणाचा चढ. मी पहिल्या काही वळणांतच उतरले आणि सायकल ढकलू लागले. काका बसूनच होते. पेडलवर उभे राहून, सगळं अंग एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला टाकत, ते इतके सावकाश चढत होते की मी चालत त्यांच्या बरोबरीने राहू शकत होते. पण पाय खाली टेकत नव्हता. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता आणि चाकाखाली खडी चुरडल्याचा. एका वळणावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बायका वाटेच्या कडेला सरकल्या. त्यांतली एक मला म्हणाली, “सायकलवाला बाबा आला का? आता थंडी पडंल नीट.” पेठेला थंडी काकांच्या येण्यावरून कळत होती.

गावात एका ओळखीच्या घरापाशी आम्ही सायकली लावल्या आणि पायी सुळक्याकडे निघालो.

सुळक्याच्या पोटात गुहा आहे. आत कोरीव खांब, छताला नक्षी. गुहेच्या शेजारून जिना वर जातो, आणि तो जिना डोंगराच्या आतून कोरलेला आहे. बाहेरून बघितलं तर फक्त उभा कातळ. आत शिरलं की अंधार, गार दगड, आणि वर कुठेतरी उजेडाचा तुकडा. काकांनी जिन्यापाशी चपला काढल्या.

“इथं देव आहे का?” मी विचारलं.

“देव गुहेत हाय. ह्यो जिना हाय.”

“मग चपला?”

त्यांनी पहिल्या पायरीवर तळवा ठेवला. पायरी मध्ये खोलगट झिजलेली होती. “डोंगराच्या आतनं वाट काडली गं. छन्नीनं. काडनाऱ्याचं नाव नाय, गाव नाय. त्याच्या डोक्यावरनं मी वहाना घालून कसा जाऊ?”

मीही बूट काढले. कितीतरी किल्ल्यांवर मी गेलेय, पण दगडाचा गारवा तळपायांनी वर चढताना अंगात शिरतो तो मला त्या दिवशी कळला. माथ्यावर पाण्याचं टाकं आहे आणि उभं राहायला थोडी जागा. चारी बाजूंनी डोंगर. इकडे भीमाशंकरची उंच कड, खाली पेठेची कौलं, आणि त्याही खाली, फार खाली, आम्ही आलो तो रस्ता दोऱ्यासारखा पडलेला. काका टॉवेल काढून मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मीही शेजारी बसले. मोठ्या माणसापुढे लहान मूल बसतं, तसे ते डोंगरांपुढे बसले होते. घाबरलेले नव्हते, पण अगदी नीट बसले होते.

खाली उतरून गुहेपाशी आलो तेव्हा ते घडलं. वरच्या कपारीत आग्यामोहोळ होतं. त्यावर घारीने झडप घातली की माकडांनी दगड टाकला, कुणाला दिसलं नाही. एकदम घोंघों असा आवाज झाला आणि काळा ढग खाली आला. काकांनी टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि मला गुहेत ढकललं. तरी मानेवर, हातांवर, ओठावर माश्या चावल्याच. त्यांनाही चावल्या. पण त्यांना नुसत्या गांधी उठल्या. मला मात्र थोड्याच वेळात ओठ जड वाटू लागले, मग जीभ, मग गळ्यात कुणीतरी आतून मूठ आवळतंय असं वाटायला लागलं. पेठेपर्यंत काकांनी मला जवळजवळ उचलूनच आणलं.

गावात माणसं जमली. कुणी कांदा आणला, कुणी चुना. फोनला रेंज नव्हती. गावातली एकुलती जीप बाजारासाठी खाली गेली होती. कुणीतरी म्हणालं, डोली करू, चार जण घेऊन जाऊ.

“डोलीला येळ लागंल,” काका म्हणाले. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. माझ्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता.

त्यांनी काळी सायकल अंगणात वळवली. मला कॅरिअरवर बसवलं. घरातल्या बाईने दोरीवरचं वाळत घातलेलं लुगडं ओढून आणलं आणि आम्हा दोघांना कमरेशी एकत्र बांधलं. काकांनी गाठ ओढून बघितली. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, “मी ‘हायेस का’ म्हनलं की पाठीवर थाप मारायची. बोलायचं नाय. नुसती थाप. कळलं?”

मी थाप मारली. आणि ज्या माणसाला कुणी कधी उतारावर सायकलवर बसलेलं बघितलं नव्हतं, त्याने पेठेच्या उतारावर सायकल सोडली.

मला धड श्वास येत नव्हता, डोळ्यांपुढे मधूनच काळं होत होतं, तरी ते उतरणं मला आठवतं. असं सायकल चालवणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ज्या वाटेने ते वर्षानुवर्षं पायी उतरले होते तिचा दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा होता. मोठा धोंडा यायच्या आधीच सायकल बाजूला झालेली असायची. वळणावर ते आत झुकत, आणि बांधलेली असल्यामुळे मीही झुके, आणि चाक खडीवरून घसरत घसरत बरोबर हवं तिथेच येऊन पुन्हा पकड घेई. ती जड सायकल त्यांच्या हाताखाली वाऱ्यावरच्या पानासारखी हलकी झाली होती. एका बाजूला दरी होती. मला तिची भीती वाटली नाही.

“हायेस का?”

थाप.

दर वळणाला. वळण संपायच्या आत. “हायेस का गं?” थाप. “हायेस का?” थाप. एकदा माझा हात उचलला गेला नाही, तेव्हा त्यांनी एवढ्या मोठ्याने विचारलं की समोरच्या डोंगराने तो आवाज परत पाठवला. मी कपाळ त्यांच्या पाठीवर आपटलं. त्यांनी मोठा श्वास सोडलेला मला माझ्या कपाळाला जाणवला.

आंबिवलीत एक विटांचा टेंपो रिकामा परत निघाला होता. त्यातून कशेळ्याच्या दवाखान्यात पोचलो. इंजेक्शन दिल्यावर हळूहळू मूठ सैल झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी डोळे उघडले तेव्हा काका दारापाशी बाकावर बसले होते. दोन्ही तळहात मांडीवर उपडे घट्ट दाबून धरले होते.

“काका,” मी म्हटलं, “किती सुंदर चालवता तुम्ही.”

ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते एकटे पेठेला जाऊन माझी सायकल घेऊन आले. अर्थातच पेठेपासून पायी.

मी चार दिवस घरीच होते. सुजलेलं तोंड घेऊन स्वयंपाकघरात काकूंपाशी बसत असे. काकांनी त्यांना फक्त “माशा चावल्या, दवाखान्यात न्हेलं” एवढंच सांगितलं होतं. सगळं मी सांगितलं. लुगडं, उतार, थाप. “दर वळणाला विचारत होते, काकू. हायेस का, हायेस का.”

काकू भाकरी थापत होत्या. हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी ती उलटली नाही. मीच गॅस बंद केला.

मग त्या बोलायला लागल्या. त्यांचं माहेर घाटावरचं, खंडाळ्याच्या पुढचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला काका त्यांना आणायला गेले ते ह्याच सायकलवर. येताना बोरघाट उतरायचा. “मी मागं बसलेली. मांडीवर आईनं दिलेला फराळाचा डबा. ह्यांनी घाटात सायकल सोडली. ट्रकांच्या मदनं, अशी, पाखरागत! मी वरडत होते, थांबा म्हनून. डबा उडाला, दरीत गेला. ह्यांना पत्ता नाय. खोपोलीला खाली आलो तवा थांबले. तोंड असं उजळलेलं, देव बगून आल्यावानी. मागं वळले, आन् मला बगून दचकले.”

“दचकले?”

“व्हय. मी मागं हाय हे इसरलेच व्हते. बायकूला इसरले.” काकूंनी पीठ लागलेल्या मनगटाने डोळे पुसले. “मी तितंच सांगितलं, परत तुमच्या मागं बसनार नाय. नाय बसले. आन् त्या दिवसापासनं ह्यांनी उताराला बसायचं सोडलं. मला वाटायचं, माझ्यावरचा राग हाय. गावापुढं मला टोमना हाय. ती वरडली ना, मंग घ्या, चालतो पायी. इतकी वर्सं मी तेच धरून बसले. त्यांनी कदी सांगितलं नाय, मी कदी इचारलं नाय.”

बाहेर काका चेनीला तेल लावत होते. काकू उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी आतून ऐकत होते.

“तुमाला उतार आवडतो का वो?” त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, “लय.”

“मंग?”

“उताराला मी कुनाचाच रहात नाय. म्हनून.”

काकू तिथेच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने काकूंनी आत येऊन दुसरी भाकरी थापायला घेतली.

फाल्गुनात, ऊन अजून सोसण्यासारखं होतं तेव्हा, एका सकाळी काकू धुवट लुगडं नेसून ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, “मला पेठचा किल्ला बगायचाय.” काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग कॅरिअरवर गोधडी घडी करून बांधली. मी माझी सायकल काढली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा दिवशी घरी कोण थांबेल?

आंबिवलीच्या पुढे चढ लागला आणि काकू उतरल्या. तसे काकाही उतरले. चढाला सायकलवरून उतरलेले काका मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. दोघं सायकलच्या दोन बाजूंनी चालत, मध्ये काळी सायकल, असे पेठेपर्यंत आले. काका बोलत होते. हा कोणता डोंगर, ती कोणती सोंड, इथे कुठलं झाड होतं. चढाला न बोलणारा माणूस सबंध चढभर बोलत होता, आणि काकू “व्हय का?” म्हणत होत्या. पेठेत लुगडं बांधणाऱ्या त्या बाईने त्यांना पाणी दिलं आणि माझ्या गालाला हात लावून बघितला.

जिन्यापाशी काकूंनी न सांगता चपला काढल्या. माथ्यावर वारा होता. त्या एका जागी उभ्या राहून हळूहळू चारी दिशांना वळल्या. सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, “येवडं सगळं व्हतं इतं? आन् तुमी एकटे एकटे बगत व्हता?” काकांनी मान खाली घातली.

परत निघालो. उतार जिथे सुरू होतो तिथे काका सवयीने थांबले, पाय टेकला आणि काकूंनी उतरावं म्हणून सायकल तोलून धरली. काकू उतरल्या नाहीत. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात काकांच्या पोटाभोवती घातले.

“उतर,” काका म्हणाले.

“नाय.”

“खडी हाय. लय उतार हाय.”

“मला दिसतंय. चला.”

काका तसेच उभे होते. मी त्यांच्या मागे होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. काकूंच्या हातांवर त्यांनी आपला एक हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. मग तो हँडलवर गेला. सायकल सुटली.

पहिल्या वळणापर्यंत मला ती दोघं दिसली, एकाच बाजूला झुकलेली. मग धूळ. खालून काकूंची किंकाळी ऐकू आली. मी जमेल तितकी धावत, सायकल ढकलत खाली निघाले. प्रत्येक वळणावर दरीत डोकावून बघत होते. आणखी एक किंकाळी आली, आणखी खालून. मग सगळं शांत.

आंबिवलीत पोचले तेव्हा चहाच्या टपरीपाशी काळी सायकल सावलीत उभी होती. काका उन्हात दगडावर बसून धापा टाकत होते. काकूंचा अंबाडा पार सुटला होता, केस पाठीवर मोकळे, कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं. टपरीवाली हातात कप घेऊन त्यांच्याकडे बघत राहिली होती.

“काकू, बऱ्या आहात ना?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या काकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“उठा,” म्हणाल्या. “परत वर चला.”